रिकिबे किती उरले

काका, तुमच्या मृत्यूच्या दाखल्यावर तुमचं आडनाव नाही.

महापालिकेच्या खिडकीशी मी अर्धा तास हुज्जत घातली. आतल्या बाईंनी तुमचं आधार कार्ड माझ्यासमोर सरकवलं आणि बोट ठेवून दाखवलं, के. मानाजीराव. के म्हणजे कृष्णोजी, तुमचे वडील, माझे आजोबा. "कार्डावर आहे तेवढंच येणार, अम्मा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आमचं आडनाव रिकिबे आहे, तेवढं शेवटी घाला. त्यांनी विचारलं, "कशावर आहे ते? एक कागद दाखवा, घालते." मी तावातावाने घरी आले आणि तुमचं कपाट उपसलं. पेन्शनचं पुस्तक, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, पोस्टात नोकरीला लागल्याचं पत्र, शाळा सोडल्याचा दाखला. अस्कि, सगळ्या कागदांवर के. मानाजीराव. एक्याऐंशी वर्षं जगलात, त्यातली चाळीस वर्षं जगात रिकिबे किती उरले ते मोजत बसलात, आणि स्वतःच्या एका कागदावर ते नाव घालून घेतलं नाहीत! असा संताप आला मला की तुम्ही समोर असतात तर तुमची खैर नव्हती. मग लक्षात आलं की तुम्ही समोर नाही. तिथेच कपाटापुढे फतकल मारून बसले आणि रडले.

आज तुम्हाला जाऊन चौदा दिवस झाले. कालच तेरावं झालं. हे मी मराठीत लिहिते आहे आणि वाचणार कोण ते मला ठाऊक नाही. माझ्या भावाला, दीपकला, देवनागरी येत नाही. माझी मुलगी यमुना मराठी समजते, पण उत्तर तमिळमध्ये देते. आपल्या घरात ही अक्षरं वाचणारी दोनच माणसं होती. आई आधीच गेलेली; अप्पा गेले तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि दीपक सहा. त्यांचे तुम्ही धाकटे भाऊ. तुम्ही आम्हाला घरी आणलंत, आणि पहिल्या आठवड्यात मला पाटी देऊन म्हणालात, "बस गे इकडे. तमिळ शाळेत शिकशील, इंग्रजी शाळेत शिकशील. हे कोण शिकवणार?" मला तेव्हा त्या पाटीचा मनस्वी राग आला होता. बाप गेलेल्या मुलीला कुणी अक्षरं गिरवायला बसवतं का? पण दोन महिने मी दुसरं काही केलं नाही, नि त्यामुळेच तगले, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

आडनाव म्हणजे काय हेही मला तेव्हाच कळलं. शाळेत मी ए. वत्सला. वर्गातल्या सगळ्याच मुलींना असं एक अक्षर नि एक नाव. आडनाव कुणालाच नाही. तुम्ही म्हणालात, आपल्याला एक जास्तीचं नाव आहे, ते आत ठेवायचं असतं. लग्नपत्रिकेत छापायचं, सोयरीक जुळवताना सांगायचं, देवापुढे उच्चारायचं. मला वाटलं, सगळ्यांना असतं तसं. नाही. तुम्ही सांगितलंत की रिकिबे नावाची माणसं या पृथ्वीवर सव्वीस आहेत आणि ती सगळी तुमच्या वहीत आहेत.

ती वही! पोस्टातून आणलेली, लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. तुम्ही सॉर्टिंगला बसायचात, रोज हजारो पाकिटं हाताखालून जायची. जगातली सगळी नावं पाहिली, आपलं मात्र एकदाही आलं नाही, हे तुम्हाला लागलं असणार. त्यातून ती मोजणी सुरू झाली. तिचे नियम तुम्हीच केलेत आणि ते पाळण्यात तुम्ही कलेक्टरच्या वरताण होतात. मूल जन्मलं की नवा आकडा. माणूस गेला की निळी रेघ. सून आली की तिचं नाव आत. आणि मुलगी लग्न होऊन गेली की लाल रेघ.

आडनाव आलं कुठून, यावर आपलं पहिलं भांडण झालं. रिकीब म्हणजे घोड्यावर चढताना पाय ठेवायची लोखंडी कडी. इथला मराठा राजा घोड्यावर बसायचा तेव्हा ती धरून उभा राहणारा माणूस आपला मूळपुरुष, असं तुम्ही सांगितलंत. मी म्हटलं, "म्हणजे नोकर." काकू आतून खुदकन हसली. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "अगे, राजाचा पाय रोज सकाळी पहिल्यांदा कोणाच्या हातात पडायचा ते बघ." मी म्हटलं, "पाय धरणाराच ना शेवटी?" त्या दिवशी तुम्ही माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाहीत. संध्याकाळी कॉफीचा टंबलर माझ्यापुढे आपटून ठेवलात, हा समेट.

महाराष्ट्रात तुम्ही कार्डं पाठवायचात. साताऱ्याला, कोल्हापूरला, जिथला पत्ता हाती लागेल तिथे. "आपल्या भागात रिकिबे नावाचं कुटुंब आहे का, कृपया कळवावे." उत्तरं यायची नाहीत. एकदा एक आलं. कुणा निवृत्त शिक्षकांचं, सुबक अक्षरात, असं आडनाव आमच्याकडे ऐकिवात नाही म्हणून. मला वाटलं तुम्ही खचाल. तुम्ही तर खुलून गेलात. "बेश! म्हणजे हे नाव तिकडून आलंच नाही. इथंच जन्मलं, कावेरीच्या पाण्यावर." तुमच्या या स्वभावापुढे मी नेहमी हात टेकले, काका. नाही म्हणणाऱ्या माणसाकडूनसुद्धा तुम्ही होकार वसूल करायचात.

पापनाशमची फजिती आठवते? पाकिटावर तुम्ही आर. शिवाजीराव वाचलंत आणि तुमच्या डोक्यात चक्र सुरू झालं. मराठी माणूस, पुढे आर. दुसरं काय असणार? आता जगातल्या कुठल्याही माणसाने थांबून विचार केला असता की इथे पुढचं अक्षर बापाच्या नावाचं असतं. तुम्ही स्वतः के. मानाजीराव! पण आडनावाचा विषय निघाला की तुमची बुद्धी गहाण पडायची. रविवारी मला घेऊन बसने निघालात आणि बसमध्येच वहीत शाईने लिहून टाकलंत, पापनाशम, एक घर. त्या भल्या माणसाने आपल्याला केळीच्या पानावर जेवायला वाढलं. वडील रामोजी, म्हणून आर. आडनाव निराळंच. तुम्ही पायसमची वाटी संपवलीत, आभार मानलेत आणि परतीच्या बसमध्ये ती ओळ खोडलीत. मी खिडकीकडे तोंड करून हसत होते. तुम्हाला दिसत होतं.

ओरत्तनाडूला मात्र खरेच रिकिबे सापडले. छत्रमपासून, म्हणजे जुन्या धर्मशाळेपासून, थोडं आत, भाताच्या खळ्यालगत त्यांचं घर. म्हातारे आजोबा, दोन मुलगे, सुना. तुम्ही इतक्या आदराने त्यांच्या पाया पडलात की ते बावरले. तुम्ही रिकिबीची गोष्ट काढलीत. ते तंबाखू थुंकून म्हणाले, "कसली रिकीब नि कसलं काय! आमचे आजोबा सांगायचे, आपण घोड्यांची लीद काढणारे." मी जीभ चावली. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही पाचही नावं लिहून घेतलीत, त्यांनी दिलेलं ताक प्यायलात आणि निघालात. बसमध्ये अर्धी वाट झाली. मग एकदम म्हणालात, "लीदसुद्धा राजाच्याच घोड्याची गे." मी इतकी हसले की कंडक्टरने वळून पाहिलं, आणि शेवटी तुम्हीही हसलात. माझ्या अख्ख्या लहानपणातला तो सर्वांत सुखाचा दिवस होता.

ते घरही नंतर बसलं. आजोबा गेले, एक मुलगा निपुत्रिक, दुसऱ्याला तीन मुली. तीन लाल रेघा. तुम्ही दरवर्षी मोजायचात आणि आकडा खाली यायचा. एकतीसचे पंचवीस, पंचवीसचे एकोणीस. तुम्हाला भीती वाटायची, हे मला फार उशिरा उमगलं. मला ती सनक वाटत होती.

आणि मग माझं लग्न. मी शिकवत होते त्याच शाळेत सेंदिल गणित शिकवायचे. तमिळ घर. मी आठ दिवस घाबरत होते तुम्हाला सांगायला. तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "रागीट आहे का? तू एकटी पुरे आहेस घरात." एवढंच. उभं राहून लग्न लावून दिलंत, अप्पांच्या जागी बसलात, माझा हात दिलात. पत्रिकेत आडनाव तुम्ही तीन ठिकाणी छापून घेतलंत. मी किती अभिमानाने मिरवत होते! आठवड्याने माहेरी आले, वही उघडली, तर माझ्या नावावर लाल रेघ. पट्टी लावून मारलेली, सरळ.

मी काय काय बोलले ते आता लिहवत नाही. "तमिळ घरात गेले म्हणून ना?" असंही बोलले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मराठ्यांच्या घरात गेली असतीस तरी मारली असती. नियम आहे." मी ओरडले, काकू बाहेरून आली तर तिला आकडा, आणि मी या घरात वाढले तर मला रेघ? कुठला नियम हा? काकू दारात उभी होती. ती म्हणाली, "माझं नाव काढा नि तिचं घाला. मला काय करायचंय?" तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "वही माणसाच्या मनाप्रमाणे चालत नाही." माझ्या जिभेला हाड नाहीच. मी म्हटलं, "मग वहीच सांभाळा तुम्ही, म्हातारपणी तीच पाणी देईल." दोन महिने फिरकले नाही.

मग एका रविवारी आले. कशी आले, का आले, काकूने बोलावलं की काय, आठवत नाही. सकाळी दहाला आले, तुम्ही कॉफी केलीत, चार घोट झाले आणि मी म्हटलं, "काढली का रेघ?" तुम्ही म्हटलंत, "नाही." झालं, सुरू. तेव्हापासून चोवीस वर्षं, काका. दर रविवारी दहाला. काकू गेली त्या रविवारीसुद्धा सगळे गेल्यावर तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी म्हटलं, "काढली का?" तुम्ही म्हटलंत, "नाही," आणि मग आपण दोघं रडलो. मी कायद्याचे मुद्दे आणले. वाटण्या, वारसा. तुम्ही म्हणालात, जमीन वेगळी, नाव वेगळं. मी शाळेतलं आणलं, आनुवंशिकता, रक्त दोन्हींकडून येतं. तुम्ही म्हणालात, "रक्ताची मोजणी तुझ्या प्रयोगशाळेत कर. ही नावाची आहे." सेंदिल म्हणायचे, जाऊ दे ना, तुझे काका तुझ्यावर जीव टाकतात, एका रेघेसाठी काय? त्यांना काय कळतंय! ज्या माणसाने मला अक्षर शिकवलं त्याच्या हातची ती रेघ होती. मला मोजलं जावं एवढंच हवं होतं, आणि तेही तुमच्याकडून. दुसऱ्या कुणी मोजून मला उपयोग नव्हता.

आता ती गोष्ट, जी मी तुमच्यापासून लपवली.

दीपकला मुलगा झाला तेव्हा तुम्ही नाचायचे तेवढे बाकी होतात. तुमच्या वहीत नवा आकडा पडला होता, कितीतरी वर्षांनी. रोहन रिकिबे. दरवर्षी वाढदिवसाला तुम्ही अमेरिकेला पाकीट पाठवायचात, त्यावर ते नाव इंग्रजीत, ठसठशीत. पण काका, रोहनचं नाव रोहन रिकिबे नाही. दीपक तिकडे गेला तेव्हा त्याच्या कागदांवर आडनावाची जागा रिकामी होती, कारण आपल्या कुणाच्याच कागदांवर ते नाही. त्या जागेत त्याने अप्पांचं नाव भरलं. दीपक आनंदराव. मग बायको आनंदराव, मुलगा आनंदराव. तिकडे अप्पांचं नावच आडनाव होऊन बसलं. जन्माच्या वेळी दीपकने मला फोनवर सांगितलं, "अक्का, काकांना कळू देऊ नकोस. ते मोडतील." मी शपथ घेतली. नऊ वर्षं ती पाळली. माझ्या नावावरच्या रेघेसाठी तुमच्याशी दर रविवारी भांडत होते, आणि ज्याच्या भरवशावर तुम्ही निश्चिंत होतात त्याच्याकडे ते नाव नव्हतं, हे गिळून बसत होते. कितीदा जिभेवर आलं! रागाच्या भरात एक वाक्य, आणि मी जिंकले असते. नाही बोलले. माझ्या आयुष्यात मी एवढा एकच संयम पाळला असेन.

इस्पितळात त्या शुक्रवारी दुपारी तुम्ही शुद्धीवर होतात. नर्स सलाईन बदलून गेली. तुम्ही माझा हात धरलात. तुमचा हात किती हलका झाला होता. तुम्ही विचारलंत, "रोहन शाळेत नाव कसं लिहितो गे?" मी डोळ्याला डोळा न देता म्हटलं, "रोहन रिकिबे. दुसरं काय लिहिणार?" तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "बेश." आणि डोळे मिटलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं म्हणजे ती थाप. कुणालाही सांगितलं नाही मी. सेंदिलनाही नाही.

दीपकला लगेच विमान मिळालं नाही, म्हणून अग्नी सेंदिलनी दिला. शांतपणे, नीट, मुलासारखा. मी फ्लेक्सच्या दुकानात गेले होते. आपल्या गावात माणूस गेला की चौकात त्याचा फोटो लागतो, तसा तुमचाही लागायला हवा होता. मी म्हटलं, नावाखाली आडनाव हवं, देवनागरीत. त्या माणसाच्या कॉम्प्युटरवर ती अक्षरं नव्हती. मग मी कागदावर हाताने मोठं करून लिहिलं, त्याने फोटो काढून बसवलं, खाली तमिळमध्येही घातलं. आठ फूट उंच तुम्ही नि पायाशी रिकिबे. कोपऱ्यावरची फुलवाली अम्मा मला म्हणाली, "ते खाली काय लिहिलंय?" मी सांगितलं, त्यांचं आडनाव. ती म्हणाली, "चाळीस वर्षं माझ्याकडून मोगरा घेतात, कधी बोलले नाहीत." तुमचं आडनाव आयुष्यात पहिल्यांदा भर चौकात उभं राहिलं ते असं. महापालिकेच्या खिडकीवर मी भांडले ते त्याच्यानंतर.

वही मी कपाटातून काढली त्या दिवशी. रेघ आहे. पट्टी लावून मारलेली, तशीच. मला वेडी आशा होती, काका. वाटलं होतं, शेवटी शेवटी तुम्ही कधीतरी काहीतरी केलं असेल. नाही. तुमच्या नावावर निळी रेघ मारायला मी पेन हातात घेतलं आणि ठेवून दिलं. मला अधिकार आहे का नाही, तेच कळेना. ज्याला वहीत जागा नाही त्याने वहीत काय लिहायचं?

नवव्या दिवशी दीपक आणि मी अस्थी घेऊन तिरुवैयारूला गेलो. तो पाचव्या दिवशी पोचला होता. सकाळची वेळ, पाणी बेताचं, घाटावर आपल्यासारखीच दोन-तीन माणसं. शास्त्रींनी दीपककडून सगळं करवून घेतलं. मी पायरीवर उभी. परत येताना गाडीत तो तुमचाच विषय काढत होता आणि मला ते सहन होईना. मी म्हटलं, "दीपक, मी काकांशी खोटं बोलले. शेवटच्या दिवशी. रोहन रिकिबे लिहितो म्हणून सांगितलं. ते विश्वास ठेवून गेले."

त्याने गाडी बाजूला घेतली. उसाच्या रसाच्या एका गाड्याशेजारी. म्हणाला, "अक्का, त्यांना माहीत होतं."

दोन वर्षांपूर्वी रोहनने तुम्हाला शाळेतून एक कार्ड पाठवलं होतं म्हणे. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव छापलेलं, रोहन आनंदराव. जन्मभर पाकिटांवरची नावं वाचलेला माणूस तुम्ही. दीपकला वाटलं होतं, आतलं वाचाल नि मागचं सुटेल! तुम्ही त्याच दिवशी फोन केलात. "खरं सांग. पासपोर्टावर काय आहे ते वाचून दाखव." त्याने वाचून दाखवलं, अक्काला ठाऊक असल्याचंही सांगितलं आणि रडायला लागला. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "तुझ्या बापाचं नाव चालतंय ना तिकडे? चालू दे. चांगला माणूस होता." मग म्हणालात, "वत्सलाला सांगू नको मला कळलंय म्हणून. ती माझ्यासाठी लपवून बसल्ये. तिला बसू दे."

म्हणजे त्या दुपारी तुम्ही माझी थाप ऐकलीत आणि ती थाप आहे हे जाणून बेश म्हणालात. मला हे पेलेना. मी दीपकला म्हटलं, मग त्यांनी विचारलं तरी कशाला? तो म्हणाला, "तू काय सांगतेस ते त्यांना ऐकायचं असेल." रसवाला आमच्याकडे बघत होता. मी तोंडाला पदर लावून बसले.

थोड्या वेळाने दीपक म्हणाला, आणखी एक आहे. त्या फोनवर त्याने तुम्हाला सरळ विचारलं होतं. "काका, आता माझ्या पोराकडे नाव नाही. मग अक्काचं परत घाला ना वहीत. ती किती वर्षं भांडत्ये." मग म्हणालात, "अरे, आता माझ्यामागे आपल्या घरात रिकिबे म्हणवणारी ती एकटीच आहे, ते मला कळत नाही का? पण रेघ काढली तर ती रविवारी कशाला येईल? भांडायलाच तर येत्ये."

काका. चोवीस वर्षांत तुम्ही माझे इतके मुद्दे खोडलेत, आणि एवढी साधी गोष्ट मला एकदा विचारली नाहीत. मी आठवडाभर शाळेत दमलेली असायची, घरी ढीगभर वह्या तपासायच्या असायच्या, यमुना आजारी असायची, तरी दहाला तुमच्या दारात असायची. ते भांडणासाठी वाटलं तुम्हाला? तुम्ही कॉफी गाळताना पाठमोरे उभे असायचात, तेवढं पाहायला मी येत होते. मला दुसरा बाप नव्हता. हे तोंडाने सांगायचं राहिलं माझ्याकडून, आणि तुम्हीही विचारायचं ठेवून दिलंत. आपण दोघंही रिकिबेच, दुसरं काय.

उद्या रविवार आहे. रेघ पहिल्याच रविवारी पुसली असतीत ना, तरी मी आले असते, काका. दर रविवारी आले असते.